शंभर टक्क्यांची वाट

आमच्या घरात वेधशाळेची टिंगल जेवणाबरोबरच वाढली जायची. भूषण, माझा नवरा, पाटावर बसता बसता विचारायचा, "काय मॅडम, उद्या कडक ऊन म्हणता ना? मग छत्री काढून ठेवतो." त्यात आमचं आडनाव काळमेघ. काळमेघबाई ढगांच्या नोकरीत, यावर हसला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण एका गोष्टीत तो हसत नसे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरड्यांचं वाळवण पसरलेलं असलं आणि मी कामावरून फोन करून "वाळवण आत घे" एवढंच म्हटलं, की तो उठायचा. का, किती वाजता, नक्की का, असं काही विचारायचा नाही. हे मी वर्षातून दोन-तीनदाच म्हणायचे आणि ते कधी चुकलं नव्हतं. "सरकारी अंदाज वेगळा, बायकोचा वेगळा," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा.

भूषण पिंपळधऱ्याच्या शाळेत मुख्याध्यापक होता. मी तिथून बावीस किलोमीटरवर, सावरमेटच्या टेकडीवरच्या रडार केंद्रात. गोष्ट दोन हजार चव्वेचाळीसच्या मार्चमधली आहे.

आपल्याकडे मार्चमध्ये गारपीट जुनीच. पण समुद्र तापत गेले तशी बंगालच्या उपसागरावरून येणारी हवा अधिक ओली, अधिक जड झाली. ती जमिनीलगत येते, तिच्या डोक्यावरून वायव्येची कोरडी, थंड हवा वेगळ्याच दिशेने धावते. खाली एका बाजूला, वर दुसऱ्या बाजूला असा जोर लागला की मधली हवा आडवी वळते. दोन तळव्यांमध्ये वातीचा कापूस वळतो तशी. मग तापलेला ढग ती वळलेली हवा उचलून उभी करतो आणि ढगाच्या पोटात भोवरा तयार होतो. तो जमिनीपर्यंत पोचला की टोर्नॅडो. गावातले लोक त्याला सोंड म्हणतात. दोन हजार अडतीस साली पहिली सोंड उतरली तेव्हा वऱ्हाडात कुणाला त्यासाठी शब्दच माहीत नव्हता.

रडार हे सगळं ऐकतं. पाहतं म्हणण्यापेक्षा ऐकतं म्हणणं बरं. हॉर्न वाजवत ट्रक जवळ येताना आवाज चढतो, दूर जाताना उतरतो. पावसाच्या थेंबांवरून परत आलेल्या लहरींचंही तसंच होतं. आमच्याकडे येणारा वारा पडद्यावर हिरवा, दूर जाणारा लाल. हिरवा आणि लाल अगदी अंगाला अंग लावून दिसले की समजायचं, तिथे हवा गरगर फिरते आहे. आमचं नवं यंत्र हे दर वीस सेकंदांना तपासायचं आणि सांगायचं, हा भोवरा जमिनीवर उतरण्याची शक्यता इतके टक्के. शिवाय तो कुठून जाईल याचा चारशे मीटर रुंदीचा पट्टा काढायचं. इशारा त्या पट्ट्यातल्याच फोनवर जायचा, कारण अख्ख्या जिल्ह्याला इशारे देऊन देऊन लोकांनी ऐकणं सोडलं होतं.

अडचण एवढीच की ढगातले बहुतेक भोवरे खाली उतरतच नाहीत. वरच्या वर फिरतात आणि विरून जातात.

आदल्या वर्षी तेच झालं. बासष्ट टक्के दिसले आणि मी इशारा दिला. पट्ट्यात भूषणची शाळा होती आणि शाळेत वार्षिक परीक्षेचा पेपर चालू होता. छतावरचा भोंगा वाजला, दोनशे पोरं मैदानातून जुन्या इमारतीत पळाली, सोंड काही आली नाही. त्या पंधरा मिनिटांत पोरांनी एकमेकांना निम्मा पेपर सांगून टाकला. पेपर रद्द झाला, भूषणची चौकशी झाली. ज्या माणसाने सतरा वर्षांत आपल्या केंद्रावर एक कॉपी होऊ दिली नव्हती, त्याच्याविषयी लोक म्हणाले, नवरा-बायकोने ठरवूनच केलं.

त्या दिवशी घरी आला तो ताटावर बसलाच नाही. रागावला की त्याच्या तोंडी गावची भाषा यायची.

"मृणाल, दोनशे पोरांचं वर्ष टांगलं तुह्या बासष्ट टक्क्यानं."

"आणि सोंड उतरली असती तर?"

"उतरली नाही नं! तं कशाचं असती-नसती करून राहिली?"

महिनाभर आम्ही कामापुरतं बोललो. पुढे आमच्या रडार केंद्रात बैठक होऊन इशाऱ्याची मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांवर नेली, त्या कागदावर माझीही सही आहे. त्याहून कमी टक्क्यांवर इशारा द्यायचा तर ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर द्यायचा आणि लेखी खुलासा करायचा. भूषणनेही आपल्या बाजूने बंदोबस्त केला. पेपरच्या वेळात भोंग्याचं बटण बंद. सगळ्यांचे फोन, शिक्षकांचे, शिपायाचे, गेटवरच्या पोलिसाचेसुद्धा, लोखंडी पेटीत सीलबंद. परीक्षा जुन्या स्लॅबच्या वर्गांतून हलवून नव्या पत्र्याच्या हॉलमध्ये, म्हणजे सगळी पोरं एका नजरेखाली. हॉलच्या मागच्या दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. मला हे सगळं माहीत होतं. वरणभाताबरोबर त्याने ते सांगितलं होतं आणि मी हूं म्हटलं होतं.

चव्वेचाळीसच्या मार्चमधल्या त्या दिवशी पेपर दुपारी तीन ते सहा होता.

चार वाजून बावीस मिनिटांनी पडद्यावर हिरव्याला लाल चिकटलं. चौसष्ट टक्के. पट्टा पिंपळधऱ्यावरून जात होता. मी शाळेचं छत ओळखलं, नकाशावर ते नखाएवढं दिसतं.

माझ्या शेजारी गावंडे बसले होते. केंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, दाबून द्या."

"चौसष्टच आहेत, गावंडे."

"असू द्या. खुलासा मी लिवतो. माह्या पेन्शनीचं काय होते ते पाहू."

"मागच्या वर्षीसारखं झालं तर?"

"तं लोकं शिव्या देतीन. देऊ द्या."

मी बटणावर बोट ठेवलं होतं. खरं सांगते, तेव्हा मला सोंड दिसत नव्हती. मला भूषणचं तसंच राहिलेलं ताट दिसत होतं. दुसऱ्यांदा तोच पेपर, तीच शाळा, तीच बायको. पुन्हा चौकशी झाली असती तर त्याची नोकरी गेली असती, आणि नोकरीपेक्षा नाव. मी म्हटलं, अजून दोन फेऱ्या पाहू. वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्या. त्या दोनाच्या कधी तीस झाल्या मला कळलं नाही. सहासष्ट, एकसष्ट, अडुसष्ट. एकदा तर अठ्ठावन्नवर आलं आणि मी चक्क सुटकेचा श्वास सोडला. चार तेहतीसला शहात्तर झाले आणि इशारा आपोआप सुटला.

'टोर्नॅडोचा इशारा. तुम्ही पट्ट्यात आहात. १५ मिनिटे. पत्र्याखाली थांबू नका, पक्क्या छताखाली जा.'

पट्ट्यातले किती फोन इशारा घेतात ते आम्हाला दिसतं. एकशे बारा. त्यातले अडतीस एकाच जागी होते, एकमेकांना चिकटून. ती भूषणची पेटी होती. अडतीस फोन लोखंडाच्या आत एकदम थरथरले असतील आणि शेजारी कुणी नव्हतं.

मी भूषणला फोन लावला. वाजत राहिला. शाळेतल्या तीन शिक्षकांना लावला. सगळे त्याच पेटीत. पोलीस ठाण्यातून सांगितलं की माणूस पाठवतो, चाळीस मिनिटं लागतील. मग पिंपळधऱ्याचे सरपंच. त्यांचं घर पट्ट्याबाहेर, शाळेपासून सव्वा किलोमीटरवर.

"सरपंच, शाळेत जा. पोरांना पत्र्याच्या हॉलमधून बाहेर काढायला सांगा."

फोनमध्ये नुसता धडधडाट येत होता. "ताई, काय म्हनता? आयकू येऊन नाही राहिलं! लिंबाएवढ्या गारा हायेत!"

"शाळेत जा! सोंड येतेय!"

"गाडी काढली होती ताई, पहिल्याच दणक्यात काच फुटली. पोरगं पाठवलं होतं मोटरसायकलनं, ते रक्तबंबाळ होऊन वापस आलं." मग म्हणाले, "सर हायेत नं तिथं. सर पाहून घेतीन."

ग्रामपंचायतीचा भोंगा त्यांनी चालू केला होता. पण पत्र्यावर लिंबाएवढ्या गारा पडत असतील तर हॉलमध्ये शेजारच्याचा आवाज येत नाही, मग सव्वा किलोमीटरवरचा भोंगा कुठला यायला. मला हॉल अगदी डोळ्यांसमोर दिसत होता. आठ वर्षांपूर्वी त्याच्या उद्घाटनाला मी नारळ धरून उभी होते. पोरं मान खाली घालून लिहीत असणार आणि भूषण रांगांमधून हात मागे बांधून फिरत असणार.

बावीस किलोमीटरवरून मला त्या ढगाच्या पोटातला वारा सेकंदाला किती मीटर फिरतो ते कळत होतं. हॉलच्या दारावर एक टकटक करणं काही मला जमत नव्हतं. इतकं हुशार यंत्र आणि इतकी बिनकामाची बाई मी आयुष्यात पाहिली नाही.

दुसरा इशारा चार अडतीसला जायचा होता. त्यात अधिकाऱ्याला चाळीस अक्षरांची एक मोकळी ओळ लिहिता येते. पूल बंद आहे, नाल्यात उतरू नका, असल्या सूचनांसाठी. खासगी मजकूर लिहिला तर निलंबन. मी लिहिलं, 'भूषण, वाळवण आत घे.'

गावंड्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "फोन तं पेटीत हायेत नं?"

"हो."

"मंग कोन वाचन?"

"कुणी नाही."

मी तो पाठवला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून पाठवला. रस्त्यावरचे, शेतातले सत्तर-पाऊणशे अनोळखी लोक आपल्या फोनवर कुणा भूषणचं वाळवण वाचत असतील, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला ते दिसणार नव्हतं.

मग आम्ही पाहत बसलो. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. एक्क्याण्णवच्या वर आकडा चढत नाही, आणि त्याचं कारण मला इथे सांगावं लागेल.

रडार आणखी एक गोष्ट मोजतं. आलेल्या लहरींवरून ते ठरवतं की हवेत जे काही आहे ते एकमेकांसारखं आहे का. पावसाचे थेंब एकमेकांसारखे असतात. गाराही बऱ्याचशा असतात. पण हवेत पत्रा, विटा, फांद्या, कौलं, चपला असं सगळं एकत्र उडालं तर सारखेपणा एकदम पडतो आणि पडद्यावर निळा ठिपका उमटतो. आमच्या भाषेत त्याला 'कचरा' म्हणतात. कचरा दिसला की यंत्राला खात्री पटते, भोवरा जमिनीवर आहे. यंत्र शंभर टक्के म्हणतं ते तेव्हा. म्हणजे कुणाचं तरी छप्पर उडाल्यावर.

चार अठ्ठेचाळीसला शाळेच्या जागी निळा ठिपका आला. शंभर टक्के.

गावंडे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी उठले नाही. मागून दुसरा ढग येत होता, त्याच्या पट्ट्यात अकरा गावं होती, आणि बदलीचा माणूस घाटात झाड पडल्यामुळे अडकला होता. मी पाऊण तास त्या दुसऱ्या ढगाचे टक्के पाहत राहिले. छप्पन्नला बटण दाबलं. तो भोवरा विरला.

पहिली सोंड पाच वाजायच्या आत मेली होती. निळा ठिपका मात्र मेला नाही. जड वस्तू खाली पडल्या असाव्यात, पण काहीतरी हलकं वर राहिलं होतं. तीन-साडेतीन किलोमीटर उंचीवर, पसरत, ईशान्येकडे सरकत. आधी समजलं नाही. मग समजलं, त्या उत्तरपत्रिका होत्या. अर्धवट सोडवलेला पेपर सव्वा तास हवेत होता आणि मी तो सावरमेटवरून पाहत होते.

सरपंचांचा फोन सहाला आला. पोरं सगळी जिवंत होती. दोनशे एक्क्याऐंशीच्या दोनशे एक्क्याऐंशी, जुन्या स्लॅबच्या इमारतीत. सतरा जणांना टाके, एकाचा हात मोडलेला. "आणि सर?" मी विचारलं तेव्हा ते रडायला लागले, त्यातच मला कळलं.

पोरांना कुणी बाहेर काढलं, कसं काढलं, हे मला कोडंच होतं. ते सुटलं तेराव्यानंतर. एक मुलगी आईचा हात धरून घरी आली. ईश्वरी नाव, सोळा वर्षांची, कपाळावर टाके.

"काकू, फोन माझ्याजवळ होता," ती म्हणाली.

कॉपीसाठी आणला होता. पोटाला बांधून. मावसभाऊ बाहेरून उत्तरं पाठवणार होता.

"चार तेहतीसला थरथरला. मला वाटलं उत्तर आलं. पाहिलं तं तुमचा मेसेज." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी उठली नाही काकू. फोन सापडला तं तीन वर्षं परीक्षेला बसू देत नाही. मला वाटलं मागच्या वर्षीवानी खोटाच असन. पुन्हा थरथरला. मंग मला रडूच आलं. सर आले, त्यांनी विचारलं काय झालं, आनि फोन दिसला त्यांना."

"मग?"

"ते लय चिडले. मेसेज पाहिला आनि म्हनले, 'आता हे नाटक नको.' मला कोपऱ्यात बसवलं, फॉर्म काढला आनि भरायला लागले. मी म्हनलं सर, आधी वाचा नं नीट. ते म्हनले, जे व्हायचं ते नियमानं. लिवता लिवता एकदम उठले. खुर्ची पडली. टेबलावर चढले आनि असे ओरडले काकू, गारांच्या वर आवाज आला त्यांचा. पेन ठेवा, पत्र्याखालून निघा."

समोरच्या दारात गर्दी झाली. मागच्या बाजूची साठेक पोरं अडकली. भूषण खिशातली किल्ली काढत मागच्या दाराकडे धावला. कुलूप उघडलं, साठ पोरं बाहेर ढकलली, शेवटचा स्वतः निघाला. मैदान साठ पावलांचं होतं. तो पंधरा पावलं चालला असेल, असं ती म्हणाली.

मला त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच हात उचलावासा वाटला. चार तेहतीसला तिने सांगितलं असतं तर भूषण त्या वेळी स्लॅबखाली उभा राहून हजेरी घेत असता. मग माझ्या मनात हिशेब आला. तिने आठ मिनिटं लपवलं. मी अकरा. ती सोळा वर्षांची होती आणि परीक्षेला घाबरली होती. मी बावन्न वर्षांची होते आणि मीही एका परीक्षेलाच घाबरले होते. मी तिच्या आईला म्हटलं, चहा घेऊन जा. तिघींनी चहा घेतला.

खुलासा मी लिहिला. निलंबन झालं नाही. ओळ कुणी मनावर घेतली नाही. मर्यादा साठवर आणली. पुढच्या वर्षी कुणी खोट्या इशाऱ्याने वैतागलं की ती पुन्हा वर जाईल, मला माहीत आहे.

ईश्वरी येऊन गेल्यावर आठवडाभराने कापसीचे दिगांबर ढोले आले. एक्केचाळीस किलोमीटर लांब, त्यांची संत्र्याची बाग आहे. बागेत नव्वद उत्तरपत्रिका पडल्या होत्या. त्यांनी त्या वाळवून, इस्त्री फिरवून शाळेत नेऊन दिल्या. एक कागद मात्र वेगळा होता, तो घेऊन ते माझ्याकडे आले.

"ह्याच्यावर सरांचं अक्षर हाये म्हनले शाळेत. म्हनून तुमच्याकडं द्यायला सांगितलं."

गैरप्रकार नोंदीचा छापील फॉर्म. शाई फुटली होती, तरी वाचता येत होतं. केंद्राचं नाव. विद्यार्थिनीचं नाव. वेळ, ४.४१. साधनाचा प्रकार, मोबाईल. पुढचा रकाना मोठा होता आणि त्यावर छापलं होतं, 'साधनात आढळलेला मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा.'

भूषणने जसाच्या तसा उतरला होता. पहिला इशारा, पूर्णविरामासकट, ठळक सुवाच्य अक्षरात. घाई नाही, खाडाखोड नाही. डोक्यावर पत्रा गारांनी वाजत होता आणि तो 'पक्क्या छताखाली जा' असं वळणदार अक्षरात लिहीत होता, कारण फॉर्ममध्ये तसं सांगितलं होतं. त्याखाली दुसरा इशारा, तोही पूर्ण. आणि मग शेवटची ओळ.

'भूषण, वाळवण आत'

'घे' लिहिलेला नव्हता. 'त'च्या पायापासून पेनाची एक रेघ निघून तिरकी कागदाबाहेर गेली होती.

लग्नाच्या सव्वीस वर्षांत त्या माणसाने एकही फॉर्म अर्धवट सोडला नव्हता.